सळई आधी, नक्षी नंतर
(मासिक बैठकीतलं बोलणं)

तायांनो, शाळेच्या भिंतीवर सूर्यघड्याळ रंगवून द्याल का, अशी विचारणा आपल्या गटाकडे आलीय. आल्प्सच्या डोंगरगावांतली अशी घड्याळं तुम्ही मोबाईलवर पाहिलीत. चुन्याच्या गिलाव्यावर सूर्य, वेली, आकडे. नक्षी तुम्ही तुमची काढा, वारली काढा. पण त्यांची सळई आणि रेघा उचलू नका.

सळई ध्रुवताऱ्याच्या दिशेत लागते. म्हणून दक्षिणेच्या भिंतीतून ती बाहेर येताना खाली झुकते, गावाच्या अक्षांशाइतकी. लंडनला ५१ अंश, नाशिकला फक्त २०. तिकडचा साचा इथे लावला तर वेळ चुकणार आणि पैसे अडकणार आपले.

रेघांना गणित लागत नाही. सळई पक्की करा आणि २५ डिसेंबरला दर तासाला घड्याळ बघून सावलीवर खूण करा. सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे असतो, त्या दिवशी तो फरक जवळजवळ नसतो. एरवी १५-१६ मिनिटांपर्यंत जाईल, तेवढं चालतं. १२ ची खूण मधोमध आली नाही तर घाबरू नका. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेषेवर चालतं, नाशिकला माध्यान्ह सुमारे ३५ मिनिटं उशिरा होते.

आणि हो, नाशिककडे साधारण २१ मे ते २३ जुलैपर्यंत सूर्य उत्तरेकडून जातो. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊनच नसतं, घड्याळ बंद! हे गुरुजींना आधी सांगा, कागदावर लिहा, मगच आगाऊ रक्कम घ्या.