विटेवरचा देव वाट पाहतो



वारकऱ्याला कुणी विचारलं, बाबा, तुझा नेम काय? तर तो सांगतो, गळ्यात तुळशीची माळ, मुखी नाम, पंधरवड्याची एकादशी आणि आषाढी-कार्तिकीची वारी. एवढ्यावर त्याचा संसार उभा. आता त्या नेमावरच घाला आला, तर त्यानं काय करावं? हाच आजच्या निरूपणाचा प्रश्न आहे.

सन 2020 आठवा. मार्च महिन्यात पंढरीच्या मंदिराचे दरवाजे दर्शनाला बंद झाले. ज्येष्ठात देहूहून तुकोबारायांचं आणि आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं, पण मोजक्या माणसांत. पायी सोहळा निघालाच नाही. दशमीला, 30 जूनला, पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीला गेल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि चंद्रभागेचं वाळवंट ओस! जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं टाळाचा आवाज नाही. पुढच्या सालीही पायी सोहळा झाला नाही. दिंड्या पुन्हा वाटेला लागल्या त्या 2022 ला.

त्या पहिल्या आषाढीला एका म्हाताऱ्या वारकरीबाबांचा मला फोन आला. चाळीस वर्षांचा नेम त्यांचा. घरात मुलगा आजारी, सून दुसऱ्या खोलीत वेगळी ठेवलेली, नातवंडांना दोन घास करून घालायचे तेही यांनीच. आणि ते रडत काय म्हणाले? "महाराज, माझी वारी चुकली. पांडुरंगाला आता तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, "बाबा, देव विटेवर का उभा आहे, तेवढं आठवा."

तुम्हीही आठवा, माउली. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. प्रत्यक्ष भगवंत दारात आले. पुंडलिकानं हातातलं काम टाकलं का? नाही टाकलं. जवळची वीट मागं सरकवली आणि म्हणाला, देवा, यावर थांब, मला आत्ता उठता येत नाही. आणि देव थांबला, बरं का! रागावला नाही, माघारी गेला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभाच आहे. म्हणजे आपली सगळी पंढरी कशावर उभी? एका माणसानं सेवा अर्धी सोडली नाही, यावर उभी. मग दुखणाइताच्या उशाशी बसावं लागलं म्हणून ज्याला चालता आलं नाही, त्याची वारी चुकली असं कोण म्हणेल? तो तर पुंडलिकाच्याच ओसरीवर बसला होता!

इथं कुणी शंका घेईल, महाराज, विठ्ठल पाठीशी असताना लस कशाला आणि तोंडाला पट्टी कशाला? अहो, दिवे घाट चढताना पांडुरंग पाठीशीच असतो, म्हणून कुणी कड्यावरून खाली पाय टाकतो का? आणि दुसरं. भूतमात्रात देव पाहावा ही आपल्या संतांची शिकवण. मग माझ्या खोकल्यानं समोरच्या देवाला बाधा होऊ नये, एवढं तरी मी सांभाळायला नको? गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. त्यांना झाडणं आणि नाम ही दोन कामं वाटलीच नाहीत.

आता दिवे घाटाचं नाव निघालं, तर त्या घाटाआधी हडपसर लागतं. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना तिथूनच जाते. 1897 साली पुण्यात प्लेग होता. माणसं घरदार टाकून पळत होती. त्या दिवसांत सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना मांडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एक पोर प्लेगनं पडलंय, हे कळल्यावर सावित्रीबाई गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. पंथ त्यांचा निराळा होता, सत्यशोधकांचा. पण पुढच्या वारीला हडपसर ओलांडाल तेव्हा त्या माउलीच्या नावानं क्षणभर टाळ थांबवा.

आता समाजाचं सांगतो. पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरती होते. दिंड्या गोल करून उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतो आणि एवढा समुदाय क्षणात शांत! मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, विचारतो, ऐकून घेतो. तिचं ऐकल्याशिवाय सोहळा पुढं सरकत नाही.

माउली, साथ गेली, पण कितीतरी घरांत तो टाळ अजून वाजतो आहे. कुणाला बापाच्या तोंडात शेवटचं पाणी घालता आलं नाही. कुणाच्या आईला खांदा द्यायला चार माणसं नव्हती. ती माणसं गप्प राहतात आणि आपल्याला वाटतं, झालं, विसरली. नाही हो! आपण चोप खाली ठेवून त्यांच्या दारात जायला हवं, बसायला हवं, ऐकायला हवं. उपदेश करू नका. नुसतं ऐका. त्या दिवसांत ज्यांनी उंबऱ्यावर भाकरीचा डबा ठेवला, ज्या आशाताई दारोदार फिरल्या, ज्यांनी परक्याच्या चितेला अग्नी दिला, त्यांनी हेच केलं. माणूस एकटा पडू दिला नाही.

ते बाबा 2022 च्या आषाढीला पंढरीत पोचले. गर्दी फार, पायांत बळ कमी, म्हणून त्यांनी कळसाचंच दर्शन घेतलं. मला भेटल्यावर म्हणाले, "महाराज, तो उभाच होता."

उभाच असतो, माउली. तुम्ही हातातली सेवा पुरी करून या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!