मालक, मजूर आणि अहिंसा-अणुव्रत

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे व्यापार-उद्योगात आहेत. प्रत्येक पेढीवर, दुकानात चार माणसे आपल्या भरवशावर काम करतात. त्यांच्यापैकी कोणी, किंवा घरच्याच माणसाने, ‘येथे अन्याय होतो’ असे म्हटले तर श्रावकाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर अहमदाबादच्या एका जैन कुटुंबाच्या इतिहासात सापडते.

अनसूयाबेन साराभाई (१८८५-१९७२) आणि त्यांचे धाकटे बंधू, कॅलिको मिलचे मालक अंबालाल साराभाई. आई-वडिलांचे छत्र बालपणीच हरपलेली ही भावंडे. वैद्यकीय शिक्षणासाठी अनसूयाबेन १९१२ साली इंग्लंडला गेल्या, त्या बंधूंच्याच पाठिंब्याने. परंतु प्राण्यांचे विच्छेदन जैन संस्कारांना मानवले नाही. त्या समाजशास्त्राकडे वळल्या. मायदेशी परतल्यावर एके सकाळी गिरणीतून थकून परतणाऱ्या स्त्रिया त्यांना दिसल्या. सलग छत्तीस तास काम करून त्या घरी निघाल्या होत्या. त्या दिवसापासून अनसूयाबेन मजुरांच्या झाल्या.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगची साथ आली. मजुरांनी शहर सोडू नये म्हणून मालकांनी भरघोस प्लेग-बोनस दिला. साथ ओसरताच तो बंद करण्याचे ठरले. महायुद्धाची महागाई मात्र कायम होती. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांवर अडले. महात्मा गांधींनी चौकशी करून पस्तीस टक्के ही रास्त मागणी ठरविली. मालकांचे अग्रणी होते अंबालाल, आणि मजुरांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी!

मालकांचे म्हणणे असे की, मालक-मजूर हे नाते पिता-पुत्राचे. त्यात तिऱ्हाइताने का पडावे? टीका ऐकल्यावर आपल्याही तोंडी पहिले हेच उत्तर येते. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी गिरण्यांना टाळे लागले. साबरमतीकाठी बाभळीच्या झाडाखाली मजुरांच्या सभा भरू लागल्या. मजुरांचा धीर खचू लागला तेव्हा, १५ मार्चला, गांधीजींनी उपोषण आरंभिले. त्याचा मालकांवर दबाव आला, हा दोष गांधीजींनी पुढे स्वतःच मान्य केला.

१८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाच्या निर्णयापर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ऑगस्टमध्ये पस्तीस टक्क्यांचाच निवाडा दिला. १९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला आणि पुढील तंटे लवादाने मिटविण्याची प्रथा अहमदाबादेत रुजली.

येथे अंबालालांचा पराभव झाला असे समजू नये. स्वतःच्या प्रकरणात स्वतःच न्यायाधीश न होण्याचे त्यांनी मान्य केले, हाच त्यांचा मोठेपणा. आपलेच मत पूर्ण सत्य नव्हे, हा अनेकांतवाद त्या दिवशी ग्रंथातून व्यवहारात उतरला.

श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. पाण्यात जीव जाऊ नये म्हणून आपण ते गाळून पितो. परंतु सणासुदीच्या गर्दीत दुकानातील मुलगा दुपारी वेळेवर जेवला का, हे पाहतो का? शक्तीबाहेर काम लादणे हे अतिभारारोपण आणि हक्काचा पगार अडविणे हा अन्नपाननिरोधच नव्हे काय? दिवाळीला वहीपूजन करताना ही बाजूही जमाखर्चात धरली पाहिजे.

संवत्सरीला आपण आप्तेष्टांना, व्यापाऱ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. यंदा ते गादीवरून उठून, हात जोडून, आपल्या मुनीमजींना, गुमास्त्याला, हमालालाही म्हणावे. त्यावर त्याने मनातली तक्रार बोलून दाखविली, तर ती शांतपणे ऐकून घ्यावी. क्षमापनेची खरी कसोटी तेथेच आहे.

जय जिनेंद्र!