परदेशी जपलेली कृती
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या मंगलप्रसंगी मी एका मद्याविषयी बोलणार, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु माझा विषय पेला नसून वारसा आहे.

फ्रान्समध्ये ग्रनोबल शहरानजीक शार्त्रूझ नावाचे डोंगर आहेत. तेथे १०८४ साली संत ब्रुनो यांनी कार्थुशियन या मौनव्रती, एकांतवासी साधूंच्या पंथाचा पाया घातला. १६०५ मध्ये या पंथाच्या पॅरिसनजीकच्या मठास दीर्घायुष्य देणाऱ्या अर्काची हस्तलिखित कृती भेट मिळाली, असे परंपरा सांगते. ती उलगडावयास शतकाहून अधिक काळ लागला. १७३७ मध्ये डोंगरातील मूळ मठात अर्क सिद्ध झाला. १७६४ मध्ये त्यावरून हिरवे शार्त्रूझ निघाले. आपले द्राक्षासव आंबवून होते. येथे १३० वनस्पती मद्यार्कात भिजवून त्याचे ऊर्ध्वपातन करतात व ओकच्या पिंपांत ते मुरू देतात. हिरवा रंगही वनस्पतींचाच.

१९०३ साली फ्रेंच शासनाने साधूंना देशाबाहेर घालविले. भट्टी आणि नाममुद्राही जप्त केली. साधू स्पेनमधील तारागोनास गेले आणि तेथे तेच पेय करू लागले. इकडे नाम विकत घेणाऱ्यांना कृती ठाऊक नव्हती. १९२९ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. नाम सरकारने हिरावले, गुण मात्र साधूंबरोबर गेला!

आजही संपूर्ण कृती मोजक्याच साधूंना ठाऊक असते. जगभर मागणी वाढली, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी उत्पादन मर्यादितच ठेवण्याचे ठरविले. उपासना मुख्य, व्यापार तिच्या निर्वाहापुरता, हा त्यामागील विचार.

हे वाचताना मला माझी आई आठवली. तिच्या मेतकुटाचे प्रमाण मी कधी विचारले नाही. ‘अंदाजाने घालायचे रे,’ एवढेच ती म्हणे. आज डाळी आहेत, जातेही आहे. तो अंदाज मात्र तिच्याबरोबर गेला.

आपल्याला कोणी हद्दपार केलेले नाही. पोटापाण्यासाठी आपण स्वखुशीने येथे आलो. म्हणूनच आपले उत्तरदायित्व अधिक. मंडळाची वास्तू, नाव, नाट्यप्रयोग हे सारे भूषणावह आहे. पण घरातील मराठी बोली आणि हातचे गुण पुढच्या पिढीस दिले नाहीत, तर उरेल ती केवळ नाममुद्रा. प्रत्येक घराने आपली एक तरी कृती मराठीत लिहून ठेवावी आणि एका तरी मुलाच्या हाताला ती शिकवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.