शेवटच्या पडद्यावरची नावे



आम्ही कामगार चळवळीतले. शाळा सातवीतच सुटली. अशा माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावे, याचे आपणांस हसू येईल. पण मुलाच्या जुन्या यंत्रावर आम्ही १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' पुरा केला आहे. बत्तीस टप्पे, आणि खेळ मध्येच राखून ठेवण्याची सोय नाही. तीन महिने हरलो. अखेर राजकन्या सुटली. परंतु खेळ घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव पडद्यावर आले नाही!

मग आम्ही वाचू लागलो. अमेरिकेतील अटारी कंपनीही कारागिरांची नावे देत नसे. या व पैशाच्या तक्रारीवरून चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली. वॉरन रॉबिनेट या कारागिराने तर आपल्या 'अ‍ॅडव्हेंचर' खेळातील एका गुप्त दालनात स्वतःचे नाव दडवून ठेवले.

आज खेळ संपला की नावांची लांबलचक यादी सरकते. पोरे ती बटण दाबून पळवितात. आम्ही बसून वाचतो. धरणाच्या कोनशिलेवर पाथरवटाचे नाव कधी पाहिले आहे काय? येथे निदान ते दिसते. तेवढे वाचण्याइतका धीर आपण धरावा, एवढीच विनंती.