अंधारातली बाई आणि गोष्ट सांगणारा

  या कार्यक्रमात आपण बियाण्यांविषयी बोलतो, कर्जाच्या हप्त्यांविषयी बोलतो, दवाखान्याविषयी बोलतो. आज सिनेमाविषयी बोलायचं आहे, आणि तेही एका खास प्रकारच्या सिनेमाविषयी. बोलता बोलता आपण आपल्याच गावाच्या पारापाशी येणार आहोत, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

हा सिनेमा तुम्ही पाहिलेला आहे, त्याचं नाव माहीत नसेल एवढंच. रात्रीची वेळ. पावसानं रस्ता ओला झालाय, त्यात दिव्याचा उजेड चमकतोय. माणसाचा चेहरा अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. पैशाच्या अडचणीत सापडलेला किंवा पैशाची हाव सुटलेला एक पुरुष. एक देखणी बाई, तिच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. मग एक खून. आणि पहिल्यापासून आपल्याला धाकधूक वाटत राहते, की याचं काही खरं नाही.

अशा सिनेमांना 'फिल्म न्वार' म्हणतात. 'न्वार' हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ काळा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले सिनेमे फ्रान्समध्ये पोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले. तेव्हा तिथल्या समीक्षकांना त्यातल्या काही गुन्हेगारीच्या सिनेमांत एक सारखाच काळोख दिसला आणि १९४६ साली हे नाव पडलं. ते बनवणाऱ्यांना मात्र आपण 'न्वार' बनवतोय हे माहीत नव्हतं.

आता, प्रत्येक प्रकारच्या गोष्टीची एक ठरलेली रीत असते. कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग. आपल्याला ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तर ऐकायला मजा येते. या काळ्या सिनेमांचीही अशीच रीत आहे. पहिली गोष्ट, उजेड कमी आणि सावल्या जास्त. खिडकीच्या पट्ट्यांची सावली माणसाच्या अंगावर अशी पडते, की जणू तो तुरुंगाच्या गजाआड उभा आहे. दुसरी, नायक धुतल्या तांदळासारखा नसतो. तिसरी, शेवट बऱ्याचदा सुरुवातीलाच सांगून टाकलेला असतो आणि मग 'हे असं कसं झालं' ते मागे जाऊन उलगडतं. आणि चौथी, बाई. तिच्या नादी लागून पुरुषाचा नाश होतो.

एक नमुना सांगते. 'डबल इन्डेम्निटी' नावाचा अमेरिकन सिनेमा, १९४४ सालचा. बिली वाइल्डर हे दिग्दर्शक. ते आधी जर्मनीत काम करत होते आणि हिटलरची सत्ता आल्यावर देश सोडून गेले. गोष्ट आहे एका विमा एजंटाची. तो गाडीचा विमा करायला एका घरी जातो. तिथली बाई विचारते, नवऱ्याला न कळता त्याचा अपघाताचा विमा काढता येईल का? पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दोघं मिळून नवऱ्याला मारतात, अपघात झाल्याचं भासवतात, आणि शेवटी कुणाच्याच हाती काही लागत नाही.

आता नीट लक्ष द्या. ही सगळी गोष्ट आपल्याला सांगतं कोण? तो एजंट. रात्री ऑफिसात बसून, खांद्यात गोळी लागलेली असताना, आवाज टिपणाऱ्या यंत्रात तो आपला कबुलीजबाब बोलतो. खून त्यानंही केलेला आहे. बेत तर त्यानंच आखलेला आहे. पण आवाज त्याचा असल्यामुळे आपण त्याच्या खांद्यावरून बघतो. बाई कशी दिसली, कशी हसली, तिनं कसं गुंतवलं, हे सगळं त्याच्या तोंडून. तिला काय वाटत होतं ते तिच्या आवाजात आपण फारसं ऐकतच नाही.

त्या काळात पडद्यावर अशा घातकी बायका एवढ्या का आल्या असतील? अनेक अभ्यासक युद्धाकडे बोट दाखवतात. पुरुष लढाईवर गेले तेव्हा अमेरिकेत लाखो बायका कारखान्यांत कामाला लागल्या. हाती पगार आला, रात्रपाळी आली, स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायची सवय लागली. पुरुष परत आले तेव्हा अनेकांना ही बदललेली बाई ओळखू येईना. ती भीती पडद्यावर आली आणि तिनं देखण्या, घातकी बाईचं रूप घेतलं. मिळवत्या बाईची भीती आपल्याला काही नवी नाही, नाही का?

आता पुण्यात या. डेक्कनकडून प्रभात रोडनं तुम्ही कधी गेला असाल. त्या रस्त्याचं नाव प्रभात फिल्म कंपनीवरून पडलं. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेतच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 'संत तुकाराम' इथलाच. म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न मान्य न करणाऱ्या तरुण पोरीचा 'कुंकू' इथलाच. आणि इथंच १९३९ साली व्ही. शांताराम यांनी 'माणूस' काढला. तेव्हा 'फिल्म न्वार' हे नावसुद्धा जन्माला आलेलं नव्हतं. पण शांताराम १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगाच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले होते, आणि सावल्यांतून बोलण्याची ती कला जर्मन सिनेमातच वाढलेली होती.

'माणूस'मध्ये गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई आहे. शाहू मोडकांनी ते काम केलंय. एका रात्री धाड पडते आणि तो मैना नावाच्या वेश्येला वाचवतो. मैनेचं काम शांता हुबळीकरांचं. इथं सगळी सामग्री आहे बघा. रात्र आहे, गल्ली आहे, पोलीस आहे, बदनाम बाई आहे, पुढे खूनसुद्धा आहे. रीतीप्रमाणे या बाईनं पोलिसाला जाळ्यात ओढून बुडवायला हवं होतं. पण शांतारामांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला. तिची थट्टा, तिचा राग, तिला वाटणारी लाज आपण बघतो. एका गाण्यात ती वेगवेगळ्या भाषांत गाते, कारण तिच्या दारात सगळ्या प्रांतांचे, सगळ्या भाषांचे पुरुष येतात. म्हणजे बदनामी एकीची आणि येणारे मात्र सगळीकडचे, हे त्या एका गाण्यातून कळून जातं.

गणपतला तिच्याशी संसार मांडायचा आहे. तिला तो आईकडे नेतो. पण तिचा भूतकाळ तिची पाठ सोडत नाही. तिला लुबाडणारा तिचा मामा तिच्या हातून मारला जातो आणि ती पकडली जाते. गणपत तिला सोडवायला तयार होतो, आणि ती नाही म्हणते. आपल्यापायी त्याची नोकरी आणि त्याचं इमान जाऊ नये म्हणून. म्हणजे 'बाईमुळे पुरुष बुडतो' ही रीत इथं उलटी झाली. इथं ती बुडते आणि त्याला काठावर ठेवते.

पण किंमत शेवटी तिनंच मोजली, हेही विसरू नका. ज्या गल्लीनं तिला विकत घेतलं, ती तशीच राहिली.

प्रभातच्या अंगणातून पुढे आणखी एक धागा निघाला. १९४० नंतरच्या दशकात दोन तरुण तिथं काम करत होते, गुरुदत्त आणि देव आनंद. धोब्यानं शर्टाची अदलाबदल केली आणि त्यातून ओळख झाली, असं देव आनंद सांगत. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की मी निर्माता झालो तर तू दिग्दर्शक, आणि तू दिग्दर्शक झालास तर मी नायक. त्यातून १९५१ साली मुंबईत 'बाजी' आला, बलराज साहनींनी लिहिलेला. आजारी बहिणीसाठी पैसा हवा म्हणून जुगाराच्या अड्ड्यावर कामाला लागलेला नायक, धूर, क्लब, आणि चेहरा सावलीत ठेवून हुकूम सोडणारा मालक. त्यात बायका दोन. एक शिकलेली डॉक्टर, दुसरी क्लबात नाचणारी. नाचणारीचा जीव नायकावर आहे. शेवटी त्याच्यासाठी झाडलेली गोळी ती आपल्या अंगावर घेते आणि मरते. डॉक्टरीण नायकाची होते.

ही रीत आपल्या हिंदी सिनेमानं पुढे कितीदा वापरली ते आठवा. नाचणारी मनानं कितीही चांगली असो, तिला संसार नाही, तिला मरण. तिच्या मरणानं नायकाचा रस्ता मोकळा होतो. आपण डोळे पुसतो आणि घरी जातो. तिला का मारलं हे विचारायचं राहून जातं.

आता अलीकडचा. 'अंधाधुन', २०१८ सालचा, श्रीराम राघवन यांचा. ते आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, आणि हा सिनेमा घडतोही पुण्यातच. एक तरुण आंधळा असल्याचं सोंग करून पियानो वाजवतो. एका घरात त्याच्यासमोर खुनाचं प्रेत पडलेलं असतं आणि त्याला न पाहिल्यासारखं करावं लागतं. मारलं कुणी, तर बायकोनं आणि तिच्या पोलीस मित्रानं. बायकोचं काम तब्बूचं. बाई अगदी घातकी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एक मिनिट रेडिओचा आवाज बारीक करा, कारण शेवट सांगतेय. ही सगळी हकीकत तो तरुण पुढे परदेशात आपल्या जुन्या मैत्रिणीला सांगतो. आता आपण खरंच आंधळे झालोय असंही सांगतो. आपण विश्वास ठेवतो. मग तो काठी टेकत रस्त्यानं चालू लागतो. वाटेत एक रिकामा डबा पडलेला असतो. काठीनं तो बरोब्बर डबा उडवतो. म्हणजे त्याला दिसतंय! मग आतापर्यंत सांगितलं त्यातलं खरं किती? ती बाई जशी होती असं त्यानं सांगितलं, तशीच होती कशावरून? एका डब्याच्या आवाजानं अख्खी गोष्ट हलते. सत्तर वर्षांच्या रीतीला पुण्यातल्या या सिनेमानं असा धक्का दिला. ज्याच्या तोंडून ऐकलंत, त्याला आधी तपासा.

मैत्रिणींनो, आता पारापाशी येऊ. गावात बाईची गोष्ट कशी सांगितली जाते? चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत रात्रपाळी करणारी एखादी बाई धरा. कंपनीची बस तिला फाट्यावर सोडते, तेव्हा अंधार असतो. कुणीतरी बघतं. सकाळी गोष्ट सुरू होते. "रात्री उशिरा उतरली. सोबत कुणीतरी होतं. हातात नवा मोबाईल होता." बघा, सगळी रीत आली. रात्र आली, अर्धवट उजेड आला, अनोळखी पुरुष आला, पैसा आला. आणि शेवट सांगणाऱ्यानं आधीच ठरवलेला आहे. पगाराची स्लिप त्या गोष्टीत नाही. घरची आजारी सासू नाही. सोबत उतरलेला माणूस तिच्याच वस्तीवरचा कामगार होता, हे नाही. बाई आहे, पण तिचा आवाज नाही.

आणि ही गोष्ट सिनेमासारखी तीन तासांत संपत नाही. गटात कर्जाचा अर्ज आला की कुणीतरी हळूच म्हणतं, "तिला नको, तिचं काही खरं नाही." मग हप्ते वेळेवर भरणारीचा अर्ज मागे पडतो. पोरीची सोयरीक मोडते. घरातून नोकरी सोडायला लावतात. पडद्यावरची गोळी खोटी असते, ही खरी लागते.

म्हणून मला वाटतं, सिनेमा बघताना आपण जी नजर कमावतो ती गटात वापरावी. पुढच्या बैठकीनंतर मोबाईलवर किंवा कुणाच्या घरच्या टीव्हीवर असा एखादा सिनेमा मिळून बघा. मग तीन प्रश्न एकमेकींना विचारा. ही गोष्ट कुणाच्या तोंडून सांगितली? बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून कितीदा ऐकलं? आणि शेवटी किंमत कुणी मोजली, त्यात फायदा कुणाचा झाला? उत्तरं एकसारखी येणार नाहीत. वाद होऊ द्या. एखादी म्हणेल, बाई खरंच वाईट होती. असू शकते. बायकासुद्धा खून करतात, फसवतात, त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं काही कारण नाही. पण निकाल देण्याआधी दोन्ही बाजू ऐकायच्या, एवढंच.

आणि मग हेच तीन प्रश्न, कुणी गटात एखादीविषयी हळू आवाजात काही सांगायला लागलं, की तिथं विचारा. तू स्वतः पाहिलंस का? तिला विचारलंस का? हे सांगून कुणाचं भलं होतंय? आणि अर्ज आला असेल तर हप्त्यांची वही उघडा, ती उजेडात लिहिलेली असते.

जाता जाता एक सांगते. मैनेचं काम करणाऱ्या शांता हुबळीकरांनी पुढे आपलं आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला 'माणूस'मधल्या आपल्याच गाजलेल्या गाण्याचं नाव दिलं. पडद्यावर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलणाऱ्या बाईनं आयुष्याची गोष्ट मात्र स्वतःच्या शब्दांत सांगितली. तुमच्या गटातही अशा गोष्टी आहेत. मासिक बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं ठेवा. एकेकीनं आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची.