पाय सुटला, क्लच नाही



आपल्यापैकी बऱ्याच जणी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअरच्या गाडीवर शिकल्या. मग घरात ऑटोमॅटिक गाडी येते आणि सगळे म्हणतात, "आता काय, नुसतं दाबायचं आणि जायचं!" अशी गाडी रोज चालवणाऱ्या आम्ही सांगतो, ऑटोमॅटिक हा शब्द एकच असला तरी आतली यंत्रं निराळी असतात. आज बोलू या दोन क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल. कंपन्या त्याला डीसीटी, डीएसजी अशी नावं देतात.

यात एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर असतो. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक भाकरी तव्यावर असतानाच दुसरी थापून तयार ठेवावी, तसा पुढचा गिअर आधीच तयार असतो. म्हणून गिअर बदलताना झटका जवळजवळ लागत नाही. ही कल्पना जुनीच, १९३९ च्या सुमाराची. सर्वसामान्यांच्या गाडीत ती फोक्सवॅगनने २००३ मध्ये आणली.

आता मुख्य गोष्ट. डाव्या पायाखालचं पेडल गेलं, पण क्लच आत आहेच. तो पायाऐवजी संगणक दाबतो. जुन्या गाडीत अर्धा क्लच धरून ठेवला की तो घासतो, तापतो. इथेही तसंच होतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही.

बोरघाटाच्या चढावर गाड्यांची रांग लागली आहे असं समजा. मागचा हॉर्न वाजवतो. "बाई चालवतेय" हेही कानावर येतं. गाडी मागे जाऊ नये म्हणून हलकासा ॲक्सिलरेटर दाबून ती जागच्या जागी धरावीशी वाटते. नेमकं हेच करायचं नाही. गाडी ब्रेकवर धरा. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी धरून ठेवणारी सोय असली, तरी ती दोन-तीन सेकंदांपुरतीच असते. पुढे गाडीभर जागा झाली की ब्रेक सोडून ठामपणे निघा. इंच-इंच सरकू नका. हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू द्या. क्लचचा खर्च त्याला करायचा नसतो.

गिअरबॉक्स तापल्याचा इशारा समोर दिसला, तर सुरक्षित जागी बाजूला थांबा, 'पी' मध्ये टाका आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो निवू द्या. तसंच दामटू नका. ऐन चढावर गाडीची ओढ गेली तर आपल्यासोबत मागच्यांचाही जीव धोक्यात येतो.

उतारावर 'डी' मध्ये सारखा ब्रेक दाबत बसू नका. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या, इंजिन गाडी आवरून धरतं. न्यूट्रलमध्ये उतार कधीच उतरू नका.

दोन्ही पेडलं उजव्याच पायाने दाबा. क्लचच्या सवयीने डावा पाय ब्रेकवर पडला, तर गाडी गचकन थांबते. चढावर गाडी लावताना पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढा, मग 'पी' करा.

जुनी गाडी घेणार असाल, तर थंड आणि गरम, दोन्ही वेळी चालवून पाहा. निघताना ती थरथरत असेल, तर क्लच तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑटोमॅटिक म्हणजे सोपी, बायकांची गाडी, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, "यात क्लच किती?" उत्तर बहुधा तुम्हालाच द्यावं लागेल.