थंडाव्याचे सहा तास

जन्मल्यावर न रडलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडून जी इजा होते, तिला वैद्यकशास्त्रात ‘हायपॉक्सिक इस्किमिक एन्सेफॅलोपॅथी’ असे नाव आहे. हायपॉक्सिया म्हणजे रक्तातला प्राणवायू घटणे, इस्किमिया म्हणजे रक्ताचा पुरवठाच आटणे आणि एन्सेफॅलोपॅथी म्हणजे मेंदूचे कार्य बिघडणे, असे या विकाराचे तिन्ही पदर नावातच उलगडून ठेवलेले आहेत. नाळ बाळाच्या आधी खाली घसरली, वार वेळेपूर्वी सुटली, गर्भाशय फाटले किंवा प्रसूती तासन्‌तास अडून राहिली, तर नऊ महिने नीट वाढलेल्या, दुसरा कोणताही दोष नसलेल्या बाळावर हा प्रसंग ओढवतो. यातील काही बाळे दगावतात, तर वाचलेल्यांपैकी अनेकांना हातापायांचा ताठरपणा, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, आकडी, मंद आकलन किंवा दृष्टिदोष यांची सोबत आयुष्यभर राहते.

या इजेवर आजवर प्रभावी ठरलेला एकमेव प्रत्यक्ष उपचार म्हणजे बाळाचे शरीर ठरावीक मर्यादेत थंड ठेवणे होय, आणि मराठी घराला हा उपचार पटकन पटण्यासारखा नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, बाळाला शेक आणि धुरी, अंगावर दुपटे, डोक्याला टोपडे किंवा कुंची, असा या घराचा नवजात बाळाविषयीचा सगळा शहाणपणा उबेभोवती उभा आहे. हा शहाणपणा चुकीचाही नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अधिक उबेच्या पेटीत ठेवले तर ती जास्त संख्येने जगतात, हे १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवून दिले आणि नवजात बाळ म्हणजे ऊब हे समीकरण त्यानंतर जगभर पक्के झाले. त्याच दशकात स्वीडनचे ब्योर्न वेस्टिन गुदमरलेल्या बाळांना थंड पाण्यात ठेवून पाहत होते, पण त्यांचे काम या समीकरणाच्या सावलीत जवळजवळ विसरले गेले.

ते पुन्हा वर येण्यामागे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑसमंड रेनॉल्ड्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात केलेले निरीक्षण होते. चुंबकीय लहरींच्या साहाय्याने मेंदूच्या पेशींतील ऊर्जासाठा बाहेरून मोजण्याची पद्धत या गटाने नवजात बाळांवर वापरली, तेव्हा असे दिसले की गुदमरण्याच्या वेळी खाली गेलेला ऊर्जासाठा बाळाचा श्वास सुरू झाल्यावर पुन्हा भरून येतो, काही तास ठीक राहतो आणि मग, प्राणवायू व रक्त दोन्ही व्यवस्थित मिळत असतानाही, दुसऱ्यांदा ढासळतो. पहिल्या आघाताने सुरू झालेली साखळी आतल्या आत चालूच असते: पेशींमध्ये कॅल्शियम साचते, ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य प्रमाणाबाहेर स्रवते, दाह वाढतो आणि शेवटी पेशी स्वतःच्याच नाशाची प्रक्रिया सुरू करतात. दोन आघातांमधल्या या काही तासांच्या शांत अवधीला ‘सुप्त अवस्था’ म्हणतात, आणि उपचाराला जी काही जागा आहे ती या अवधीतच आहे.

ही जागा किती रुंद आहे, याचे उत्तर न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या ॲलिस्टर गन आणि पीटर ग्लुकमन यांनी मेंढीच्या गर्भावरील प्रयोगांतून शोधले, आणि या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता थांबवून नंतर दीड तासाने डोके थंड करण्यास सुरुवात केली, तेव्हा मेंदूची हानी ठळकपणे कमी झाली; साडेपाच तासांनी सुरुवात केली, तेव्हा लाभ काही अंशी टिकला; साडेआठ तासांनी, म्हणजे झटके सुरू झाल्यानंतर, थंड केले तेव्हा मात्र मेंदू वाचला नाही. आज सर्वत्र पाळली जाणारी जन्मापासून सहा तासांची मर्यादा या प्रयोगांच्या पायावर उभी आहे. तापमान एक अंश उतरले की मेंदूचा चयापचय साधारण ५ ते ८ टक्क्यांनी मंदावतो. थंडावा गेलेल्या पेशी परत आणत नाही. तो जाऊ घातलेल्या पेशींची घाई कमी करतो.

पुढे माणसांवरील चाचण्या झाल्या. ग्लुकमन यांच्या नेतृत्वाखालील ‘कूलकॅप’ चाचणी आणि डेट्रॉइटच्या सीता शंकरन यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी चाचणी या दोन्ही २००५ मध्ये, तर ३२५ बाळांची ‘टोबी’ ही ब्रिटनकेंद्री चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकी चाचणीत मृत्यू किंवा मध्यम ते गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६२ टक्के, तर थंड केलेल्या बाळांत ४४ टक्के होते. २०१३ मध्ये ११ चाचण्यांतील १५०५ बाळांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा साधारण सात बाळांना थंड केले तर त्यांतले एक मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचते, असा हिशेब निघाला. नवजात बालकांच्या वैद्यकात इतका स्पष्ट लाभ क्वचितच आढळतो.

प्रत्यक्ष उपचारात ३६ आठवड्यांनंतर जन्मलेल्या आणि मेंदूच्या बिघाडाची मध्यम किंवा तीव्र लक्षणे असलेल्या बाळाला सहा तासांच्या आत गार पाणी खेळवणाऱ्या गादीवर किंवा वेष्टणात ठेवून शरीराच्या आतले तापमान ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ७२ तास राखले जाते आणि नंतर तासाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही, इतक्या सावकाश गतीने ते पूर्ववत आणले जाते. तापमान गुदद्वारात किंवा अन्ननलिकेत ठेवलेल्या तारेने सतत मोजले जाते, कारण काखेतला आकडा येथे पुरेसा विश्वासार्ह नसतो. या काळात हृदयाचे ठोके मंदावतात, रक्त गोठण्याची क्रिया कमजोर होते आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढू शकतो. अधिक थंड किंवा अधिक काळ केल्यास अधिक लाभ होईल का, हेही तपासले गेले. ३२ अंश किंवा १२० तास यांनी काही वाढीव लाभ दिला नाही. म्हणून हा उपचार म्हणजे बाळाला गारव्यात ठेवणे नव्हे, आणि घरी किंवा रुग्णवाहिकेत अंदाजाने बर्फ लावून तो कोणी करू नये. महागड्या यंत्रांना पर्याय म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहभागाने, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाचा पाळणा भारतातच तयार झाला, पण पाळणा स्वस्त झाला तरी त्याभोवतीची अतिदक्षता स्वस्त होत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या कथेचा गाभा मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली ‘हेलिक्स’ नावाची चाचणी ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या रुग्णालयांत झाली आणि सायन हे त्यांपैकी एक होते. ४०८ बाळांच्या या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. मृत्यू किंवा मध्यम ते गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण थंड केलेल्या बाळांत ५० टक्के व न केलेल्यांत ४७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. परंतु मृत्यूचे प्रमाण थंड केलेल्यांत ४२ टक्के आणि न केलेल्यांत ३१ टक्के निघाले. श्रीमंत देशांत जीव वाचवणारा उपचार येथे लाभ देत नाही, उलट जीव घेऊ शकतो, असा याचा अर्थ होता. तो सांगणाऱ्या डॉक्टरांनी आणि चाचणीला संमती देणाऱ्या, ऐन दुःखात असलेल्या आईबापांनी पुढच्या पिढ्यांसाठी केलेले काम फार मोठे आहे.

असे का झाले, यावर भारतीय नवजाततज्ज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते चाचणीतील अनेक बाळे दुसरीकडे जन्मून आणली गेली होती आणि अतिदक्षता कमी पडली असावी, म्हणून सुसज्ज विभागांना हा निष्कर्ष लागू होऊ नये. हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो, कारण ही सातही रुग्णालये तृतीय स्तरावरची होती आणि तापमान स्वयंचलित यंत्राने काटेकोर राखले गेले होते. अधिक पटणारे उत्तर इजेच्या स्वरूपात आहे. या बाळांपैकी बहुतेकांना दाखल होतानाच झटके येत होते आणि त्यांच्या एमआरआय चित्रांत मेंदूच्या खोल गाभ्यापेक्षा पांढऱ्या भागाची हानी अधिक दिसत होती. एका क्षणी कोसळलेल्या आघाताची ही खूण नव्हे. कळांच्या दीर्घ काळात थोडा थोडा, पुन्हा पुन्हा प्राणवायू कमी पडत गेल्याची ही खूण आहे. अशा बाळाचा सुप्त काळ आईच्या पोटातच संपून गेलेला असतो आणि जन्माच्या क्षणी लावलेले सहा तासांचे घड्याळ त्याच्या मेंदूच्या दृष्टीने आधीच उशिरा सुरू झालेले असते. ऑकलंडच्या प्रयोगातील साडेआठ तासांनंतरच्या मेंढीशी त्याचे साम्य आहे.

हे मान्य केले, तर उपचाराचे स्थान नवजात कक्षातून प्रसूतिकक्षात सरकते. कळा वाढवणारे इंजेक्शन बाळाचे ठोके न मोजता दिले जाणे, प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, म्हणजे पार्टोग्राफ, नंतर एका बसणीत भरला जाणे, अडलेल्या बाईला दुसरीकडे पाठवण्याचा निर्णय लांबणे, या रोजच्या गोष्टींत ती दीर्घ इजा घडते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेला प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणि न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचे शिक्षण देणारा २००९ चा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम यांचे महत्त्व येथे आहे. त्याही आधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांच्या हाती हवा देणारी पिशवी आणि मुखवटा दिला होता. जन्मतः गुदमरण्याने होणारे मृत्यू त्या गावांत सुमारे ६५ टक्क्यांनी घटले.

पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवीच्या संदर्भातही हा प्रश्न दूरचा नाही. मुळा आणि पवना यांच्या मधल्या या वस्तीच्या उंबऱ्यावरच औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पण चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांवर पोट असलेल्या कुटुंबांतील बायका जवळच्या लहान प्रसूतिगृहांतही बाळंत होतात, आणि तेथे न रडलेल्या बाळाला मोठ्या रुग्णालयापर्यंत आणताना पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी त्या सहा तासांतूनच वेळ कापून घेते. बाळ पोचल्यावर त्याला थंड करावे की नाही, हा निर्णय ‘हेलिक्स’नंतर अधिक अवघड झाला आहे, आणि तो घेणाऱ्या डॉक्टरला बाळासोबत आलेल्या चिठ्ठीवर काही नेमक्या गोष्टी हव्या असतात: कळा कधी सुरू झाल्या, बाळाचे ठोके शेवटचे कधी मोजले, जन्म किती वाजून किती मिनिटांनी झाला, पहिला श्वास कधी आला, पहिला झटका कधी दिसला आणि निघताना अंगाचे तापमान किती होते.